भाऊबीजेचा देवमासा

“वैजयंता, तुझी लाडकी तिजोरी फुटली!”

ताम्हनकर सरांचा आवाज फोनमधून एवढा मोठा आला, की पलीकडच्या खोलीत जेवून आडवे झालेले आबा कुशीवर वळले. मी दार लोटून घेतलं.

“फुटली म्हणजे?”

“हलली गं. सगळीच्या सगळी. सहाशे चाळीस बिटकॉइन, एका दमात. पंचवीस मिनिटं झाली. तू होतीस कुठे? पाळीव देवमासा तुझा, आणि बातमी मला परदेशातल्या लोकांकडून कळते!”

“जेवत होते, सर.”

“जेव, जेव. जेवून झालं की एक ओळ लिहून दे. ह्याचा अर्थ काय, विकायचं की थांबायचं. चार वाजता पाठवायचंय. लोक फोन करकरून जीव खातायत.”

फोन ठेवला तेव्हा हाताला भात वाळलेला होता. मोरीत गेले, नळ सोडला आणि हात न धुताच उभी राहिले.

ही एप्रिल २०२१ मधली गोष्ट. आमचं ऑफिस पुण्यात, पण टाळेबंदीमुळे मी वर्षभर विट्याला घरी बसून काम करत होते. आई चार वर्षांपूर्वी गेली होती, घरात आबा आणि मी. गावात साथीची दुसरी लाट होती आणि रोज कुणाच्या तरी घरून नको तो निरोप यायचा. माझं काम मात्र त्या दिवसांतही जोरात होतं. ज्यांच्याकडे बिटकॉइनचा मोठा साठा असतो त्यांना ह्या धंद्यात व्हेल म्हणतात, देवमासे. बिटकॉइनची वही साऱ्या जगाला उघडी असते. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेलं ते कुणीही बघावं, फक्त पत्त्यामागचा माणूस दिसत नाही. पत्ता म्हणजे नुसती लांबलचक अक्षरं आणि आकडे. देवमाशाने साठा एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बाजारात नेला, की समजायचं हा विकणार, भाव पडेल. तिथून काढून स्वतःकडे नेला, की समजायचं धरून ठेवणार. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. तो अंदाज सोप्या मराठीत अकरा हजार वर्गणीदारांना कळवायचा, हे माझं काम. सांगलीचे हळदवाले, नाशिकचे निवृत्त मास्तर, लातूरच्या एक डॉक्टरीणबाई, अशी माणसं माझ्या एका ओळीवर पैसे घालायची आणि काढायची. मला त्याची धास्ती वाटायची. सरांना वाटत नसे.

त्या सहाशे चाळीसवाल्या पत्त्याची कीर्ती तर जगभर होती. क्वचित कधी साठा हलवला किंवा कुणाला काही दिलं, एवढं सोडलं तर तो गपगार पडून असे. नेमाने मात्र वर्षातून एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कधीतरी जागा व्हायचा, चिमूटभर रक्कम कुठेतरी पाठवायचा आणि पुन्हा झोपायचा. रक्कम कायम एकच, ०.००५०१. तारीख मात्र दरवर्षी वेगळी. एका वर्षी पंधरा नोव्हेंबर, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी थेट पंचवीस ऑक्टोबर. ह्या तारखांवर गोऱ्या लोकांनी लेखच्या लेख लिहिले होते. एकाने त्याचा संबंध अमेरिकेतल्या व्याजदराशी जोडला होता. दुसऱ्याच्या मते तो कुठल्यातरी टोळीचा खुणेचा इशारा होता, आणि इशारा झाला की सहा आठवड्यांत भाव कोसळतो. तसा आलेखही त्याने काढला होता, रंगीत.

त्यांच्याकडे कालनिर्णय नव्हतं, त्याला मी काय करणार? ती सगळी कार्तिक शुद्ध द्वितीया होती. भाऊबीज. ०.००५०१ म्हणजे पुढची शून्यं सोडली तर पाचशे एक. वरचा एक रुपया धरून. आणि ती रक्कम ज्या पत्त्यावर जायची, तो पत्ता माझा होता.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सरांना नाही, आबांना तर नाहीच.

रणधीरदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं घर गलाईवाल्यांचं. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं ह्या धंद्यापायी पार केरळपासून बिहारपर्यंत पांगलेली आहेत. आबांचं दुकान तमिळनाडूत, इरोडला. अठराव्या वर्षी दादा तिथे भट्टीवर बसला आणि दोन वर्षांत तमिळ बोलायला आणि नुसत्या नजरेने सोनं ओळखायला शिकला. कॉम्प्युटरचा नादही त्याला तिथेच लागला. २०११ च्या दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या तोंडी बिटकॉइनशिवाय दुसरा शब्द नव्हता. भाऊबीजेला मी ओवाळलं, त्याने ताटात पाचशे एक रुपये घातले आणि वर घडी केलेला एक कागद ठेवला. त्यावर अक्षरं आणि आकडे बारीक ठशात छापलेले.

“ही तुझी पेटी आणि ही तिची किल्ली. हरवलीस तर मार खाशील.”

“आत काय आहे?”

“आत्ता काय नाही. पुढच्या वर्षीपासून ओवाळणी यात येणार. मी यायला नाही जमलं तरी.”

“जमणार नाही म्हणजे? लग्नबिग्न करून बसणारेस की काय तिकडेच?”

“तुझ्यासारखी कटकट तिकडं नाही एवढं खरं,” तो म्हणाला आणि माझी वेणी ओढली.

त्याच दिवशी दुपारी मागच्या पडवीत त्याचं आणि आबांचं कडाक्याचं भांडण झालं. आईने तिच्या पाटल्या त्याला धंद्यासाठी दिल्या होत्या, त्यावरून काहीतरी पेटलं एवढंच मला समजलं. आबांचा आवाज तेवढा आला, “ह्या घराची पायरी पुन्हा चढायची न्हाई.” दादा बॅग घेऊन बाहेर पडला. माझ्याकडे बघून हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. इरोडलाही गेला नाही. फोन बंद. आबांनी घरात त्याचं नाव काढायला बंदी केली, आणि आई ते नाव पोटात घेऊनच गेली.

पण २०१२ च्या भाऊबीजेला माझ्या पेटीत ०.००५०१ आले. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हमसून हमसून रडले होते. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. दरवर्षी मी पाट मांडायचे आणि पाटावर फोन ठेवून त्याला ओवाळायचे. शेजारच्या आत्या म्हणायच्या, “अगं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात.” मी म्हणायचे, मला भाऊ आहे. आई गेली त्या आठवड्यात मी त्याच्या पत्त्यावर वेगळी विकत घेतलेली थोडी रक्कम आणि सोबत दोन शब्द पाठवले होते. ‘आई गेली. ये.’ तो आला नाही. भाऊबीजेला पाचशे एक आले, नेहमीसारखे. त्याने ते शब्द वाचले की नाही, हे मला आजही माहीत नाही.

हे कामसुद्धा मी त्याच्यासाठीच धरलं होतं. दुसऱ्यांचे देवमासे बघता बघता आपला बघत बसायला पगार मिळतो, याहून चांगलं काय!

आणि आता तो हलला होता.

हात धुऊन मी लॅपटॉपसमोर बसले. सहाशे चाळीस कॉइन, अडीचशे कोटींच्या वरचा ऐवज, एका कोऱ्या पत्त्यावर गेला होता. एक्स्चेंजवर नाही. त्या नव्या पत्त्याचा आगापिछा काही नव्हता. पण मी शोधत होते ते वेगळंच, आणि ते सापडेना.

बिटकॉइन पाठवताना एक अक्षर चुकलं तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून मोठी रक्कम हलवणारे आधी चिमूटभर पाठवून बघतात आणि पोचली की मग बाकीची. दादा तर ह्यात भलताच काटेकोर. आमच्या धंद्यात त्याला टंच काढणं म्हणतात. गिऱ्हाईकाने सोनं आणलं, की त्यातला कण काढून आधी शुद्धता तपासायची आणि मगच सगळं भट्टीत घालायचं. दादाने ह्या दहा वर्षांत आपला साठा चारदा एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवला होता, सावधगिरी म्हणून. चारही वेळा आधी कणभर, तासाभराने बाकीचं. त्या चारही नोंदी मला पाठ होत्या.

ह्या वेळी कण नव्हता. सगळं एकदम गेलं होतं.

म्हणजे हा दादा नव्हे. कुणीतरी त्याची किल्ली मिळवली होती आणि घाईघाईने सगळं उपसलं होतं. आणि दादा शुद्धीत असता, उभा असता, तर त्याने ती किल्ली कुणाच्या हाती लागू दिली नसती. पुढचा विचार मला करवेना. पदर तोंडावर धरायला मी काही साडीत नव्हते. ओढणीचा बोळा तोंडात धरला तरी आवाज बाहेर गेलाच.

आबा दारात येऊन उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचे, बोटांची कातडी तेजाबाने कायमची पिवळी पडलेली.

“कोन गेलं?”

त्या दिवसांत कुणी रडलं की हाच प्रश्न यायचा.

“कुणी नाही. आबा, एक सांगायचंय. ओरडायचं नाही.”

“वराडाय ताकद कुठं हाय आता.”

“दादा मला दरवर्षी ओवाळणी पाठवतो.”

त्यांनी दाराची चौकट धरली. साडेनऊ वर्षांनी घरात तो शब्द निघाला होता. ते हळूहळू खाली उंबऱ्यावर बसले.

“कवापास्नं?”

“गेल्यापासून. एकही वर्ष चुकलेला नाही.”

“आन् तू मला आज सांगतीयास.”

“तुम्हीच म्हणाला होता, ह्या घरात त्याचं नाव निघालं तर...”

“म्हनालो व्हतो,” ते म्हणाले. “कुठं हाय त्यो?”

“माहीत नाही. फक्त आकडे येतात.”

मी त्यांना सगळं सांगितलं. उघडी वही, पत्ते, सहाशे चाळीस. कोटींचा आकडा त्यांनी माशी हाकलावी तसा हाताने उडवून लावला.

“त्ये ऱ्हाऊंदे. त्यो जित्ता हाय का न्हाई, एवढं त्यातनं कळतंय का?”

“आज सगळं उचललं गेलंय, आबा. आणि मला वाटतं, ते दादाने उचललेलं नाही.”

“कशावरनं?”

“टंच काढलेला नाही.”

ती आमच्या घरातली भाषा होती. ते सावरून बसले. मी चारही जुन्या नोंदी दाखवल्या, आधीचा कण आणि नंतरची रास. मग आजची दाखवली. त्यांनी चष्मा आणायला सांगितलं, आणला, तर त्यातून स्क्रीनकडे न बघता ते माझ्याकडेच बघत राहिले.

“एक सांग. तुला ववाळणी धाडायचा, तवा आधी थोडं धाडायचा का?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. हे मी कधी बघितलंच नव्हतं. रक्कमच एवढीशी, तिचा कसला टंच, असं धरून चालले होते. मी वर्षावर्षाच्या नोंदी वर सरकवत गेले. इतर कुणालाही अगदी बारीक रक्कम द्यायची, तरी तो आधी कण पाठवायचा. २०१४ मध्ये कुणाला तरी माझ्या ओवाळणीएवढीच रक्कम पाठवली होती, तिच्याही आधी कण होता.

“नाही.”

“येकदाबी?”

“एकदाही नाही.”

आबांनी चष्मा मिटला.

“मग त्येनंच दिलंय. चोर न्हाई कोन. घरच्या मानसाला दिलंय.”

“कशावरून म्हणता?”

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग पिवळी बोटं एकमेकांत अडकवून सांगायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते.

“तू दीड वर्साची व्हतीस. इरोडला दुकानात चोरी झाली. गिऱ्हाइकाचं सोनं गेलं, भरून द्याय पायजे. तुझ्या आईच्या पाटल्या व्हत्या, सा तोळ्याच्या, तिच्या बापानं घातल्याल्या. पॉलिश करून आनतो म्हून घिऊन गेलो. वितळीवल्या. आन् तसल्याच दुसऱ्या करून आनल्या. ब्याण्णव टंचाच्या जागी सत्तरच्या. वर मुलामा. तिनं सतरा वर्सं हातात घातल्या. तिला म्हाईत न्हाई. कुनालाच म्हाईत न्हाई.”

बाहेर अँब्युलन्सचा भोंगा लांब गेला.

“त्या दिवाळीला तिनं त्या रणधीरला दिल्या. त्येच्या हाताला सवय. पडवीत बसून कण काढला न् टंच काढला. मला म्हनाला, आबा, ह्ये सत्तरचं कसं? आईला फसवलं कुनी? मला म्हनला. मला! काय सांगू त्येला? मी म्हनालो, घरच्या सोन्याचा टंच काढतोस व्हय रं, आईवर भरवसा न्हाई? घरच्यांचा टंच काढत न्हाईत, एवढं तुला शिकीवलं न्हाई का मी? हाकलला त्येला. चोर मी, आन् हाकलला त्येला.”

“दादाला कळलं होतं? तुम्ही केलंय ते?”

“जाताना म्हनाला, आईला सांगत न्हाई मी. बस, एवढंच.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, आणि चांगला दोन वर्षं टिकला. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच घुमत होतं, की ‘घरच्यांचा टंच काढत नाहीत’ हे दादाने हाकलून दिल्यावरही सोडलेलं नव्हतं. मला दरवर्षी त्याने ते पाळून दाखवलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. आणि आज सहाशे चाळीस त्याने कुणाच्या तरी हातात तसेच ठेवले होते, तपासून न बघता.

“म्हणजे त्याचं घर आहे, आबा. कुठेतरी.”

“हाय,” आबा म्हणाले. “पर सगळं येकदम कोन कवा देतं, त्येबी मला ठावं हाय.”

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना मी ओळ पाठवली. ‘घरगुती हस्तांतर. विक्रीचा इशारा नाही.’ लगेच फोन आला.

“घरगुती? हा काय शब्द आहे? सगळं जग विका विका म्हणतंय.”

“आधी टेस्ट पाठवलेली नाही, सर. खात्रीच्या माणसाला दिलंय.”

“किंवा चोराने नेलंय. तुला काय स्वप्न पडलं?”

“माझा भाऊ आहे तो.”

ताम्हनकर सर गप्प बसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“हे आधी सांगायला नको होतं का तू?” ते शेवटी म्हणाले, आणि मग बऱ्याच खालच्या आवाजात, “बरा आहे ना गं तो?”

“माहीत नाही, सर.”

माझी ओळ त्यांनी एका अक्षराचाही फेर न करता पाठवली. नव्या पत्त्यावरचं एकही कॉइन विकलं गेलं नाही, तेवढं माझं खरं ठरलं. पुढे महिन्याभरात भाव आपटला तो भलत्याच कारणांनी, पण शिव्या आम्हीच खाल्ल्या. हळदवाल्यांनी तर फोन करून माझ्या सात पिढ्या काढल्या.

मला कधी एकदा नोव्हेंबर येतोय असं झालं होतं. सहा तारखेला भाऊबीज. आबा पहाटे उठून अंघोळ करून बसले. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर फोन ठेवला. आधीची नऊ वर्षं हे मी आबा शेतावर जायची वाट बघून करत होते. ह्या वेळी निरांजनाची वात त्यांनी वळली होती.

दादाचा जुना पत्ता तर रिकामा होता. आली तर ओवाळणी नव्या पत्त्यावरून येणार होती. आली तर तो आहे, नाही आली तर नाही, असा हिशेब आम्ही दोघांनी एकमेकांशी न बोलता मांडून ठेवला होता.

सव्वानऊला फोन वाजला. मी ताट घेऊन उठले, स्क्रीन बघितली आणि परत बसले.

“आली?” आबांनी पुढे वाकून विचारलं.

“आली.”

“नव्या जागंवरनं?”

“हो.”

“आगं मग ववाळ की! बसतीयास काय?”

“आबा, ०.००००१ आलंय.”

त्यांना कळलं नाही. मग कळलं. ते म्हणाले, “कमी पडलं आसंल त्येला. थांब जरा.” आम्ही थांबलो. निरांजनात तूप दोनदा घातलं. साडेदहाला फोन पुन्हा वाजला. ०.००५००.

दोन्ही मिळून पाचशे एक. रक्कम बरोबर होती, तिथी बरोबर होती. पाठवणाऱ्याला सगळं नीट सांगून ठेवलेलं होतं. पण आधी कण आणि मग बाकीचं. पाठवणाऱ्याने आमचा टंच काढला होता.

“हात दुसरा हाय,” आबा म्हणाले.

मी मान हलवली.

“शिकीवलंय त्येनं. चांगलं शिकीवलंय.” त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पुसतच राहिले. “आपून त्या मानसाला परकं. परक्याचा टंच काढायचाच. त्येचं काय चुकलं न्हाई.”

मी त्या दिवशी फोनला ओवाळलं नाही. संध्याकाळी आबांनीच गच्चीवरून हाक मारली. “वैजू, कोर दिसाय लागली. बुडायच्या आत ये.” मी ताट घेऊन वर गेले. पश्चिमेला बारीकशी कोर होती, विजेच्या तारांच्या जरा वर. इतकी वर्षं आत्यांवर खेकसून ज्याला नाही म्हटलं, त्या चंद्राला मी ओवाळलं. दादा, दादा, असं मोठ्याने म्हणत ओवाळलं. शेजारच्या गच्चीवरची माणसं बघत होती, बघू देत. आबा माझ्यामागे हात जोडून उभे होते.

खाली आल्यावर मी लॅपटॉप उघडला. दहा वर्षांची ओवाळणी माझ्या पेटीत तशीच होती, एक पैसा खर्चलेला नव्हता.

“काय करतीयास?”

“हे सगळं त्या पत्त्यावर पाठवते.”

आबा चपापले. “ववाळणी माघारी धाडतीस? आसं करत न्हाईत, बाय.”

“माघारी नाही, आबा. तिकडे वहिनी असेल. तिची ओटी कुणी भरली असेल का?”

त्यांनी विचार केला. “आधी कण धाडून बगनार?”

“नाही.”

“आक्षर चुकलं तर?”

“तर गेलं.”

नव्या पत्त्याची बेचाळीस अक्षरं मी एकेक करून वाचली आणि आबांनी एकेक पुन्हा म्हणून दाखवली. इंग्रजी अक्षरं त्यांच्या तोंडी फार गमतीची यायची, पण हसलं कुणीच नाही. सोबत दोन शब्द लिहावेत म्हणून मी बराच वेळ बसले. सुचले नाहीत. मग दहाच्या दहा वर्षं एका दमात पाठवून दिली.

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. त्या हिवाळ्यात आबांनी पडवीतली भट्टी कितीतरी वर्षांनी पेटवली. माझी दोन वळी आणि स्वतःची अंगठी वितळवून त्यांनी दोन पाटल्या केल्या, ब्याण्णवच्या, पहिल्यांहून हलक्या. त्या पाटल्या जराशा वेड्यावाकड्या आहेत. “तिच्यासाठी,” एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला आबा अंथरुणाला खिळलेले होते. मी पाट मांडला, फोन ठेवला आणि त्यांच्या उशाशी बसले. सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला.

“किती?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“०.००५०१.”

“आन् आधी?”

“आधी काही नाही, आबा.”

“नीट बग.”

मी नीट बघितलं. आदल्या दिवसापर्यंत मागे गेले. “काही नाही. एकदाच आलंय. सगळं.”

आबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि माझा हात धरला. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले.

त्यानंतरही दरवर्षी ओवाळणी येते, एकदाच, पूर्ण. मीही दर संक्रांतीला तिकडे काहीबाही पाठवते, टंच न काढता. ती कोण, तिला लेकरं आहेत का, ती कुठल्या भाषेत बोलते, दादा शेवटी काय म्हणाला, मला काहीच ठाऊक नाही. पाटल्या माझ्या कपाटात आहेत. त्या काही फोनवरून पाठवता येत नाहीत. त्यांना गाव लागतं, घर लागतं, दारात येऊन हात पुढे करणारी बाई लागते, आणि माझ्याकडे नुसती बेचाळीस अक्षरं आहेत. मला ती आता पाठ आहेत.